‘तरीही’ हा शब्द माझा आहे

बायकोने कपाटात उभं राहून गावं ही कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. त्या कपाटात माझे शर्ट होते. शिवाय मी विमा कंपनीत दावे तपासणारा माणूस. ‘घटनेच्या वेळी आपण कपाटात काय करत होतात?’ हा प्रश्न मी लोकांना विचारायचा असतो. तो मलाच कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

कल्पना मेहुण्याची. माझा मेहुणा अँप्लिफायर दुरुस्त करतो आणि संध्याकाळी एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. “भाऊजी, ते वाजत असतं तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, पण थांबलं की सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं,” असं तो म्हणतो. घरातल्या माझ्या स्थानाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही. अर्थात मी थांबलो तर कुणाला चुकल्यासारखं होईल का, हे अजून तपासून पाहिलेलं नाही.

तर एका सुट्टीच्या दिवशी तो चहाला आला होता. बायको आतल्या खोलीत इस्त्री करत होती आणि इस्त्रीच्या ओघात काहीतरी गुणगुणत होती. मेहुण्याने कप खाली ठेवला.

“भाऊजी, ऐकताय?”

“रोजच ऐकतो. कॉलरपाशी आली की वरच्या पट्टीत जाते.”

“अहो, हा सोल आहे!”

मी दचकून खाली पाहिलं. माझ्या चपलेचा सोल नुकताच चिकटवून आणला होता.

“चपलेचा नव्हे हो! सोल म्हणजे आत्मा. आतून, पोटातून गातात ना, ते. त्याला थोडं पॉप लावलं, म्हणजे पाय हलतील असा ठेका दिला, की झालं. ताईचा आवाज त्यासाठीच घडवलाय.”

बायकोचा आवाज हा आमच्या घरात कधी चर्चेचा विषय नव्हता, कारण चर्चा संपवायलाच तो वापरला जाई. आवाज जाड, खोल, जरासा खरखरीत. ती पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षात फोनवर बसते. नळ कोरडा पडला म्हणून तावातावाने फोन करणारा माणूस तिचं “बोला, मी ऐकतेय” एवढं ऐकलं की निम्मा विझतो. उरलेला निम्मा तिला ‘सर’ म्हणतो. हो सर, नाही सर, बघा ना सर. तिने कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी तिला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगत, हे तिने मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, भांडी पुसता पुसता, हसत सांगितलं होतं. हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

“मी? आणि रेकॉर्डिंग?” बायको बाहेर आली. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

पण इस्त्री तिच्या हातातच होती आणि वायर भिंतीतून उपटून मागे फरफटत आली होती, याचा तिला पत्ता नव्हता. तिथेच मी ओळखलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

गाणं म्हटलं की शब्द आले, आणि शब्द म्हटले की मी आलो. आमच्या ऑफिसात कुणी निवृत्त झालं की निरोपाची कविता मीच करतो. आजवर मी कितीतरी जणांना कवितेने निरोप दिला, आणि त्यांतला एकही पुन्हा भेटायला आलेला नाही. मी पुढचे काही दिवस बसून चार कडवी रचली. त्यांत चंद्र होता, तारका होत्या, विरह होता, ‘नभांगणी’चं यमक ‘मनांगणी’शी जुळवलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा मेहुणा पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

“छान आहे हो,” बायको म्हणाली. ती ‘छान आहे हो’ म्हणाली की पुढे ‘पण’ असतोच. “पण नभांगणी म्हणताना माझी जीभ दाताखाली येते. मी जन्मात कधी नभांगणी म्हटलेलं नाही.”

“मग काय म्हणतेस?”

“वर.”

मेहुण्याने मला समजावलं की सोलमध्ये माणूस जसा बोलतो तसा गातो. सजवलेला शब्द गळ्यातच अडकतो. मग दोघा भावंडांनी पेन्सिल घेतली. चंद्र गेला. तारका गेल्या. विरह काही वेळ टिकला, मग तोही गेला. माझ्या डोळ्यांदेखत चार कडव्यांचा निकाल लागला. शेवटच्या कडव्यात ‘तरीही न ढळे मम धीर’ अशी ओळ होती. मेहुण्याने ‘न ढळे मम धीर’ खोडलं. (माझा तेव्हाच ढळला होता.) उरला एक शब्द.

“तरीही,” बायकोने म्हणून पाहिलं. मग पुन्हा, जरा लांबवून. तरी... ही. खूप जिने चढून आल्यावर माणूस टेकतो ना, तशी ती त्या शब्दावर टेकली. मग तिने पुढच्या ओळी तिच्या तिच्याच केल्या, भाजी चिरताना कराव्यात तशा:

दार उघडं ठेवलंय, तरीही
दिवा चालू ठेवलाय, तरीही
तू येत नाहीस, येत नाहीस,
मी वाट बघते, तरीही.

“यात काव्य कुठे आहे?” मी विचारलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला आत गेलो.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. शेजारच्या वहिनी मिठाच्या गुळण्यांचा सल्ला घेऊन आल्या आणि जाताना म्हणाल्या, “आवाज थोडा बारीक करून नाही का जमणार? बाईसारखा वाटेल.” वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पृथ्वी हा एक मोठा वर्ग आहे आणि त्यात फार गोंगाट चाललाय, ही त्यांची समजूत कायम होती. त्यांनी गाण्याचे शब्द मागवून घेतले, चष्मा पुसून वाचले आणि म्हणाले, “बोध काय? शेवटी ‘म्हणून मुलांनो’ असं काहीतरी हवं.”

स्टुडिओ आमच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून रेकॉर्डिंग घरीच करायचं ठरलं. मेहुण्याने खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि तोंड वाकडं केलं. आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. गाद्या उभ्या करून झाल्या, पडद्यांवर चादरी टाकून झाल्या. तरी टाळी परत येतच होती. शेवटी त्याने कपाट उघडलं, आत डोकं खुपसून टाळी वाजवली आणि उजळलेल्या चेहऱ्याने बाहेर आला.

“कपडे आवाज पितात भाऊजी! ताई आत उभी राहील.”

“आणि मी?”

“तुम्ही दार धरा. आणि श्वास जरा बेताने घ्या. मघाशी ऐकू येत होता.”

फ्रिज बंद, पंखा बंद, घड्याळातला सेल काढून ठेवलेला. मी घामाने निथळत कपाटाचं दार धरून उभा. पहिल्या वेळी वहिनींच्या कुकरने शिट्टी दिली. दुसऱ्या वेळी लिफ्टमधल्या बाईने कुणाला तरी “कृपया दरवाजा बंद करा” असं बजावलं. त्यानंतर माझ्या नाकात माझ्याच लोकरी स्वेटरचा केस गेला. त्याविषयी अधिक बोलत नाही. मेहुण्याने फक्त “भाऊजी” एवढंच म्हटलं, पण ते ज्या स्वरात म्हटलं तो सोल असावा.

आणि मग वरून ठोकण्याचा आवाज आला. ठक्... ठक्. हेडमास्तर काठीने जमीन बडवून निषेध नोंदवत होते. मी दार सोडून वर भांडायला निघालो, तर मेहुण्याने माझा हात धरला.

“थांबा! काय ठेका आहे!”

तो धावतच वर गेला. हेडमास्तर कडक शब्दांत बोलायच्या तयारीने दार उघडून उभे होते. मेहुण्याने हात जोडून सांगितलं की कृपा करून असंच आणखी ठोकत राहा. हेडमास्तरांना आयुष्यभर कुणी पुन्हा करा असं म्हटलं नव्हतं. ते क्षणभर गोंधळले. मग त्यांनी घसा साफ केला, काठीचं टोक पुसलं आणि विचारलं, “कितव्या मात्रेवर?”

त्यानंतर जे झालं ते एका दमात झालं. वरून ठक्, ठक्. मेहुण्याची गिटार खाली बसून घोरल्यासारखी वाजत होती. आणि कपाटातून माझ्या बायकोचा आवाज आला. ओठ नुसते हलवणारी मुलगी, फोनवरचे सर, इस्त्री करणारी बायको, यांतल्या कुणाचाच नव्हे. मला दाराच्या फटीतून तिचा हात तेवढा दिसत होता. तिने माझ्या निळ्या शर्टाची बाही घट्ट धरली होती. शर्टात मी नव्हतो.

गाणं संपल्यावर ती कपाटातून बाहेर आली, केस चिकटलेले, गाल लाल. “कुणी पंखा लावेल का?” एवढंच म्हणाली.

मेहुण्याने ते इंटरनेटवर चढवलं. खात्याची परवानगी घेतलेली नसल्याने गायिकेचं नाव नुसतं ‘ताई’ असं दिलं. खाली संगीत म्हणून मेहुणा. ‘ताल’ म्हणून हेडमास्तर, कंसात ‘निवृत्त’, हा त्यांचा आग्रह. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात: ‘विशेष आभार: भाऊजी, कपाटासाठी.’

“आणि शब्द?” मी विचारलं.

“भाऊजी, एकच शब्द होता.”

“पण गाण्याचं नावच तो आहे!”

“म्हणूनच तर. तो आता गाण्याचा झाला.”

सुरुवातीला गाणं आम्हीच ऐकत होतो. मग एका रेडिओवालीला दुपारच्या कार्यक्रमात ठरलेलं गाणं सापडेना, म्हणून तिने हाताला लागलं ते लावलं. ते ‘तरीही’ होतं. लोकांनी फोन करून पुन्हा मागितलं. पुढच्या काही आठवड्यांत ते न्हाव्याच्या दुकानात, टॅक्सीत, व्यायामशाळेत आणि दातांच्या डॉक्टरकडे वाजायला लागलं. लहान मुलं काठीने ठक् ठक् करत जिना चढायला लागली आणि हेडमास्तर त्यांना लय चुकली म्हणून थांबवायला लागले.

माझी अवस्था मात्र अवघड झाली. आमच्या ऑफिसात डबा खाताना रोज याच गाण्यावर चर्चा. रोखपाल बाई डोळे टिपत म्हणाल्या, “बिचारीला नवऱ्याने टाकलेलं असणार. त्याशिवाय असं गाता येत नाही.”

“प्यायचा असेल,” दुसरा म्हणाला.

“माणूस नाही तो, राक्षस,” रोखपाल बाई म्हणाल्या आणि मला विचारलं, “तुम्हाला नाही वाटत?”

काय बोलणार? तो राक्षस पोळीचा घास घशात अडकवून त्यांच्यासमोर बसला होता. आणि खरं सांगायचं तर मलाही तो प्रश्न कुरतडायला लागला होता. ‘तू येत नाहीस.’ कोण येत नाही? मी तर रोज वेळेवर येतो. इतका वेळेवर, की वहिनी माझ्या पावलांवर चहाचं आधण ठेवतात. मग वाट बघते ती कुणाची? बायकोला थेट विचारायचं धाडस होईना. मी आडून विचारलं, “समजा, एखादा येणारच असला, तर तो साधारण कसा दिसतो?” तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि गोळी दिली.

निदान शब्दाचा तरी हक्क मिळवू, म्हणून मी कलाकृतींची नोंदणी करणाऱ्या कार्यालयात गेलो. सकाळी कोरा अर्ज घेऊन आलो, दुपारी तो भरून पुन्हा गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, “गीताचे शब्द किती?”

“एक.”

त्याने मान वर केली. “कोणता?”

“तरीही.”

“हा तर आधीपासून आहे.”

“आहे, पण गाण्यात मी आणला.”

“अहो साहेब,” तो कळवळून म्हणाला, “आज तुम्हाला ‘तरीही’ दिला तर उद्या कुणीतरी ‘आणि’ घेऊन येईल. मग दुसऱ्या दिवसापासून कुणाला तोंड उघडता येईल का? आम्हाला अर्ज नाकारायचा असला तरी ‘तरीही’ लागतो.”

“पण तो गाण्यात पुन्हा पुन्हा येतो!”

“एक माणूस पुन्हा पुन्हा आला म्हणून तो दहा माणसं होत नाही. तुम्हीच बघा, आज दुसऱ्यांदा आलात.” आणि मी वळल्यावर खिडकीआड त्याचा आवाज आला. अर्ज गोळा करत तो गुणगुणत होता: दार उघडं ठेवलंय...

इथवर ते एका घराचं दुखणं होतं. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं आणि ते शहराचं झालं. आमच्या पलीकडच्या वस्तीत कितीतरी दिवस नळाला थेंब नव्हता. तिथल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन पाणीपुरवठा कार्यालयावर गेल्या. घोषणा देऊन घसे बसले, तेव्हा एकीने बादलीवर ठक् ठक् सुरू केलं आणि सगळ्यांनी सूर धरला:

नळ उघडा ठेवलाय, तरीही
बिल भरून ठेवलंय, तरीही
तू येत नाहीस, येत नाहीस...

माझी बायको आत फोनवर होती. ती म्हणते, तिच्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. भीती खोटी नव्हती. एव्हाना फोनवरचे लोक तिला ‘सर’ सोडून “बाई, तुमचा आवाज त्या गाण्यासारखा आहे हो” असं म्हणायला लागले होते. दोनात दोन मिळवायला खात्याला वेळ लागतो, पण मिळवले की उत्तर थेट कारणे दाखवा नोटीस होऊन बाहेर पडतं. ‘शासकीय सेवेत असताना खात्याच्या कारभारावर गीतरूपाने टीका केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये?’

घरात सुतक आलं. मेहुणा सारखा “माझ्यामुळे झालं” म्हणत कपाळ बडवत होता. तेही तालात. वहिनी म्हणाल्या, “तरी मी सांगितलं होतं, बारीक आवाजात गा. कुणी ओळखलं नसतं.” हेडमास्तरांनी निर्भयपणे जाहीर केलं की तालाची जबाबदारी ते घेतील, पण शब्दांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आणि मी? ज्या शब्दाचा हक्क मागत मी खिडक्या झिजवल्या, तो आता बायकोची नोकरी खाणार होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी म्हणालो, “मी सांगतो साहेबांना. शब्द माझा आहे, शिक्षा मला करा.”

“तुम्ही त्यांच्या खात्यात नाही हो,” बायको म्हणाली. पण माझ्याकडे बघत राहिली जरा वेळ.

सुनावणीला मी तिच्याबरोबर गेलो. मुख्य अभियंत्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं, मात्र दार नीट लागत नव्हतं. दुरुस्तीची मागणी प्रलंबित असावी. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“बाई, गाण्यातला हा जो ‘तू’ आहे,” साहेब म्हणाले, “तो पाणी आहे की नाही, एवढं सरळ सांगा.”

मी दाराला कान लावला. खात्याला जे हवं होतं, तेच मलाही हवं होतं.

बायको तिच्या त्या फोनवरच्या आवाजात म्हणाली, “साहेब, माणसं फोन करतात ते पाणी येत नाही म्हणून. सांगता सांगता दुसरंच सांगायला लागतात. एक आजी आहेत. टाकी रिकामी आहे म्हणतात, आणि मग म्हणतात, मुलगी येते म्हणाली होती, तीही आली नाही. एकाचा भाऊ येत नाही. एकाला झोप येत नाही. तक्रारीत लिहायला मला ‘पाणी’ एवढाच रकाना आहे. बाकीचं कुठे ठेवायचं? मी इतकी वर्षं ते नुसतं ऐकलं. ते गायलंय.”

“म्हणजे पाणी त्यात आहे,” साहेब म्हणाले.

“आहे. पण एकटं नाही.”

मी बाहेर बाकावर बसलो. कोण येत नाही याचा शोध मी काय काय ठिकाणी घेतला होता! आणि ती रोज संध्याकाळी शहरभराची वाट बघून घरी यायची आणि मला विचारायची, “चहा घेतलात का?”

“तुमचा तो ठेका कुणाचा आहे?” शेवटी साहेबांनी विचारलं.

“वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांचा.”

“चांगला आहे,” साहेब म्हणाले. मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं असावं. त्यांनी लेखी ताकीद दिली. ‘यापुढे खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणतीही भावना जाहीररीत्या व्यक्त करू नये.’ मेहुण्याने ती चौकटीत बसवून दुकानात लावली आहे. नोकरी वाचली. वस्तीत टँकर जायला लागले, आणि पावसाळ्यानंतर नवी पाइपलाइनही पडली. ती गाण्यामुळे पडली असं वस्तीतल्या बायका म्हणतात आणि खातं म्हणतं, ती आधीच मंजूर होती. दोन्ही खरं असेल.

पुढची गंमत अशी, की त्याच खात्याने नवीन फोनयंत्रणा बसवली आणि फोन उचलेपर्यंत लोकांना ऐकवायला गाणं निवडलं, तेही ‘तरीही’. आता पाण्याची तक्रार करायला फोन लावला की माझी बायकोच गाते: तू येत नाहीस, येत नाहीस. आणि बायकोने तिकडून फोन उचलला, की लोक चिडतात. “अहो बाई, कडवं तरी संपू द्या!”

गाण्याला आता बरीच वर्षं झाली. दुसरं गाणं तिने केलं नाही. पुष्कळांनी विचारलं, मेहुण्याने तर पाय धरले, पण ती म्हणाली, “सांगायचं होतं ते सांगून झालं. उगीच कशाला पाणी घालायचं?” तरुण मुलं अधूनमधून ‘तरीही’ नव्याने गातात. काही फार वेगाने, काही रडत रडत. खाली गीतकार म्हणून कधी मेहुण्याचं नाव असतं, कधी ‘पारंपरिक’ असं असतं. मी, जिवंत असून, परंपरा झालो.

गेल्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरने मला आडवं केलं, तेव्हा तिथल्या छोट्या रेडिओवर तेच लागलं होतं. मी म्हणालो, “हा शब्द माझा आहे.”

“हो ना काका,” डॉक्टर म्हणाला. “सुई टोचली की सगळ्यांना सगळं आपलंच वाटतं.”

शुद्धीवर आलो तेव्हा दुपार झाली होती. वॉर्डात ऊन आलं होतं. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक सुतार सकाळपासून कण्हत होता म्हणे. पायथ्याशी बायकोचा आवाज ऐकू आला, “सिस्टर, यांना पाणी कधी द्यायचं?”

सिस्टरच्या हातातला ट्रे तसाच राहिला. तरुण मुलगी होती. गाणं आलं तेव्हा शाळेत असेल.

“तुम्ही... त्या का?”

“ट्रे सांभाळा,” एवढंच बायको म्हणाली. याचा अर्थ हो, हे सिस्टरला कसं कळलं कोण जाणे.

“माझी आई त्या मोर्च्यात होती,” सिस्टर म्हणाली. “अजून बादली भरताना म्हणते. थोडंसं म्हणाल? एकच ओळ. हळू.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी झोपलोय असं तिला वाटलं असावं, आणि तिथे उभ्या उभ्या, खाटेचा गज धरून, हळूच गायला लागली. वयाने आवाज आणखी खाली उतरलाय. एक ओळ म्हणता म्हणता सगळंच गाणं झालं. सुतार कण्हायचा थांबला. पलीकडच्या कुणीतरी टेबलावर बोटांनी ठेका धरला होता.

“शब्द काय आहेत हो,” सुतार म्हणाला. “कुणी लिहिलंय?”

“यांनी,” बायको म्हणाली.

“सगळं?”

मी डोळे गच्च मिटून घेतले. खरं सांगायला मी शुद्धीवर असायला हवं होतं, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते अजून निश्चित झालेलं नव्हतं.

“सगळं,” ती म्हणाली आणि माझं पांघरूण सारखं केलं.